गळा साडेपंधरा

कॉलर सापडली, कफ सापडला, पण खिसा काही सापडेना.

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिलाई मशीनखालची पेटी उपडी केली होती आणि तिच्यातले सगळे कागदी फर्मे जमिनीवर पसरले होते. शर्टाच्या पाठी, बाह्या, फ्रॉकचे घेर. मधोमध नवरा-बायको गुडघे टेकून बसले होते.

"अहो, जरा बघून! बाहीवर बसलात तुम्ही."

"बाही आहे की दाखला आहे, ते आधी बघ."

"बाहीच आहे. वर्तमानपत्राची. दाखल्याचा कागद असा पिवळा पडत नाही. काय कागद होता हो तो! कात्री अशी चालली, जशी लोण्यातून..."

"अगं, कौतुक काय करतेस? पाच मिनिटं मला रागवू तरी दे."

"रागवा की. मी कुठं अडवलंय? रागावता रागावता ती पेटी जरा उचला, खाली काहीतरी दिसतंय."

पेटीखाली एक बटण होतं आणि गेल्या वर्षी हरवलेली पट्टी होती. खिसा नव्हता.

खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली लेक फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "सहा दिवस राहिलेत हं."

"तू मोजत बस," आई म्हणाली. "कॉलेजात पाठवली ती ह्याचसाठी."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तेवीस वर्षं तेच काम. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणं रोजचंच, त्यामुळं घाबरलेल्या माणसाशी हळू आवाजात कसं बोलायचं हे त्याला बरोबर जमायचं. स्वतः घाबरला की मात्र काही सुचायचं नाही. आसपासचे सगळे त्याला लिफ्टवालेच म्हणायचे. तिला टेलरबाई म्हणायचे, कारण ती घरातल्या घरात अख्ख्या गल्लीचे कपडे शिवायची. गिऱ्हाईक आलं की जेवणारा माणूस ताट उचलून आत जायचा, इतकीच ती जागा.

म्हणून तर तो परदेशी गेला होता. तिथल्या एका उंच इमारतीत बावीस लिफ्ट बसवायच्या होत्या. नऊ महिन्यांचं काम, पगार इथल्या तिप्पट. कोपऱ्यावर एक बंद दुकान होतं, ते टेलरबाईसाठी घ्यायचं असं दोघांनी ठरवलं होतं. तो गेला, राबला, परत आला. दुकानाच्या मालकाला अर्धी रक्कम दिली. बाकीची द्यायला महिनाभर होता, आणि तेवढ्यात कर कचेरीचं पत्र आलं.

पत्र वाचलं आणि तो तडक फॉर्मवाल्याकडं गेला. हा फॉर्मवाला कर कचेरीसमोर एका जिन्याखाली टेबल टाकून बसायचा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पण कायदा तोंडपाठ.

"लिफ्टवाले, कमाई बाहेरची असली तरी घर तुमचं इथं, मुक्काम इथला. म्हणजे ती इथं दाखवायलाच लागते. तुम्ही दाखवलीत. छान केलंत."

"पण तिथं कापलाय ना कर! शंभरातले पंधरा. माझ्या डोळ्यांदेखत कापायचे."

"तीच तर सवलत मागितलीय आपण फॉर्मात. तिथं भरला तो इथं वजा करा म्हणून. आता ते म्हणतात, भरल्याचा मूळ दाखला दाखवा. पंधरा दिवसांत."

"नाही दाखवला तर?"

"तर एकाच पगारावर दोनदा."

लिफ्टवाल्यानं पत्रातला आकडा पुन्हा बघितला. दुकानाचे उरलेले पैसे आणि हा आकडा, जवळजवळ सारखेच होते.

"आणि दाखवला तर तिथले पंधरा मला परत मिळणार?"

"पंधरा नाही. इथला कर तुमच्यावर बसतो शंभरात दहा. तिथले पंधरा, इथले दहा, त्यातला जो कमी तेवढाच वजा होतो. म्हणजे इथं भरायचं शून्य. वरचे पाच तिकडंच राहिले."

लिफ्टवाल्यानं जरा विचार केला. लिफ्टला एका टोकाला माणसांची पेटी असते आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं, तोल सांभाळायला. त्याला ते चित्र दिसलं.

"म्हणजे तिकडचं वजन इकडच्या पेटीला तोलून धरतं. पण वजन जास्त झालं म्हणून पेटी काही गच्चीतून वर उडत नाही."

फॉर्मवाला त्याच्याकडं बघतच राहिला. "तीस वर्षं मी लोकांना हे समजावतोय. उद्यापासून तुमचंच सांगतो. आता दाखला घेऊन या."

दाखला होता. इमारतीचं काम संपत आलं तेव्हा कंपनीनं प्रत्येकाला एकेक दिला होता. मोठा, जाड, सायीच्या रंगाचा, तळाशी निळा शिक्का. प्रवासात चुरगळायला नको म्हणून त्यानं तो आधीच पाकिटात घालून टपालानं घरी पाठवला होता आणि फोनवर सांगितलं होतं, "पाकिटातलं जपून ठेव."

"ते पाकीट कुठंय गं?" घरी आल्या आल्या त्यानं विचारलं.

तिनं कपाटातून पाकीट काढून दिलं. रिकामं.

"आतलं?"

तिनं पेटीकडं बोट दाखवलं.

त्यानं पेटी उघडली, वरच कॉलरच्या आकाराचा एक जाड कागद होता, सायीच्या रंगाचा. त्यावर परक्या लिपीतल्या ओळी होत्या आणि त्या कॉलरच्या टोकाशी येऊन तुटत होत्या. तो कागद त्यानं तिच्यापुढं धरला.

"मी सांगितलं होतं, जपून ठेव!"

"जपूनच ठेवलंय. फर्मा आहे तो. फर्म्यापेक्षा जास्त मी ह्या घरात काय जपते, सांगा बरं."

ते खरं होतं. लेकीचं बारशातलं झबलं हरवलं होतं तिनं, पण लग्नाआधीचा बाहीचा फर्मा अजून होता.

तिची बाजूही सरळच होती. तो पंधरा दिवसांत येणार होता. आल्या आल्या घालायला शर्ट शिवायचा होता. वर्तमानपत्र कॉलरच्या वळणावर फाटतं, हे ती वीस वर्षं सोसत आली होती. त्यात हा कागद आला. लिपी वाचता येत नव्हती, मागची बाजू कोरी होती, आणि तिचे हात शिवशिवायला लागले. एका कागदात कॉलर, कफ आणि खिसा, तिन्ही बसवले तिनं. चिंधीभर वाया घालवला नाही, ह्याचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता.

विमानातून उतरून घरी आला त्या दिवशी त्यानं तो शर्ट घातला होता. कॉलर थोडी सैल पडली. "बसला का?" तिनं विचारलं. "अगदी मापात," तो म्हणाला, आणि पटवून द्यायला गळ्याशी वरचं बटणही लावून दाखवलं. तिनं कॉलर दोन बोटांनी सारखी केली. "बसलाय खरा," म्हणाली.

दुसरा दाखला मागवायचा तर कंपनीनं काम संपताच गाशा गुंडाळला होता. लेकीनं तिथल्या कर कचेरीला पाच मेल टाकले. उत्तर आलं की अर्ज मिळाला, नव्वद दिवस थांबा. हे सगळं होईपर्यंत पंधरातले नऊ दिवस गेले होते.

तर आता खिसा. शिक्का आणि सही त्या खिशावर होती.

"आठव ना," तो हळू आवाजात म्हणाला. लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी बोलायचा तसा. "शेवटचा कधी वापरलास?"

"असं बोलू नका माझ्याशी. मी काही चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकले नाहीय." मग ती एकदम थांबली. "गणवेश! चाळीस शर्टांना खिसे लावले. गठ्ठा बांधला तेव्हा फर्मा टाचणीनं वरच्या शर्टालाच..."

"आणि गठ्ठा?"

"काजवालीकडं."

काजवाली दोन गल्ल्या पलीकडं राहायची. सगळ्या टेलरांचे शर्ट काजं करायला आणि बटणं लावायला तिच्याकडं जायचे. दोघं स्कूटरवरून पोचले तेव्हा ती दारातच बसून दातांनी दोरा तोडत होती.

"इतक्या लवकर? मी उद्या म्हटलं होतं. वीस शर्ट राहिलेत अजून."

"शर्ट नकोत गं. त्याला एक कागद टाचला होता. खिशाचा."

"तो होय? जाड होता छान. कपाखाली ठेवलाय."

लिफ्टवाल्यानं डोळे मिटले. काजवालीनं आतून कागद आणला. शिक्का होता, सही होती, आणि दोन्हींच्या बाजूनं चहाचं एक गोल वर्तुळ, कंपासनं काढल्यासारखं.

"सरकारी कागद आहे हा!" तो म्हणाला.

"अगंबाई!" काजवालीनं तोंडावर हात ठेवला. "आणि मी दहा दिवस सरकारच्या डोक्यावर चहा ठेवतेय? काही कर लागेल का हो त्याला?"

टेलरबाई इतकी हसली की तिला स्कूटरवर बसता येईना. त्यालाही हसू आलं. गेल्या नऊ दिवसांत पहिल्यांदाच.

तीन तुकडे घेऊन तो फॉर्मवाल्याकडं गेला. फॉर्मवाल्यानं कपाळाला हात लावला, मग चष्मा काढून पुसला.

"चिकटवू मात्र नका. डिंक दिसला की म्हणतील, जोडून बनवलाय."

"मग कसं न्यायचं? सुटं?"

"सुटं नेलंत तर पंख्यानं उडेल. ते तुमचं तुम्ही बघा. आणि बाहेरच्या बँकेत पगार जमा व्हायचा त्याचा उतारा घ्या बरोबर. काय उपयोगी पडेल सांगता येत नाही."

तोड टेलरबाईनं काढली. कॉलरच्या आत घालतात ते कडक कापड, बक्रम, त्याचा चौकोन कापला. त्यावर तिन्ही तुकडे जागच्या जागी मांडले, ओळीला ओळ लावून. आणि कच्च्या टाक्यानं टाचले. कच्चा टाका म्हणजे लांब लांब, सैल, गाठ न मारता घातलेला. शिवण पक्की व्हायच्या आधी कपडा नुसता धरून ठेवतो, आणि टोक ओढलं की एका ओढीत निघतो.

"कुणाला मागची बाजू बघायची असली तर," तिनं सांगितलं, "टाका ओढून दाखवायची. लपवण्यासारखं काही नाही त्यात."

तेव्हाच त्यांना दिसलं की कॉलर आणि कफ ह्यांच्या मध्ये एक चिंचोळी फट राहतेय. वळण कापताना कागदाची एक काडी निसटली होती. नेमक्या त्याच ओळीत कापलेल्या कराचा आकडा होता. कॉलरीवर चार, कफावर नव्वद. मधला एक आकडा कचऱ्यात गेला होता.

"चिंधीभर वाया नाही, म्हणालीस ना?" तो म्हणाला.

तिनं फटीवरून नुसतं बोट फिरवलं. तिचा चेहरा बघून त्यानं पुढचं वाक्य गिळलं.

"चल," तो म्हणाला. "उद्या सकाळी दोघं जाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यानं तोच शर्ट घातला, सैल कॉलरचा. वरचं बटण लावलं.

कचेरीत तिसऱ्या मजल्यावर एका टेबलामागं अधिकारी बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, समोर फायलींची चळत. त्यांनी बक्रमचा चौकोन हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला.

"हे काय आहे?"

"दाखला," लिफ्टवाला म्हणाला.

"हा शर्ट दिसतोय."

"दोन्ही आहे मॅडम," टेलरबाई म्हणाली. "चूक माझी. मी शिवणकाम करते. कागद चांगला होता, मी कापला. ह्यांची काही चूक नाही."

"चूक माझीपण आहे," तो म्हणाला. "जपून ठेव म्हटलं, कशासाठी ते नाही सांगितलं."

"तुमचं आपसात ठरवा," बाई म्हणाल्या, पण आवाज तितका कडक नव्हता. "मागची बाजू बघायला हवी."

टेलरबाईनं पुढं होऊन दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. सर्रकन सगळा टाका निघाला. तिन्ही तुकडे टेबलावर मोकळे झाले. शेजारच्या टेबलावरचा माणूस जागेवरून उठून बघायला लागला.

बाईंनी कॉलर उलटी केली. मागं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

"गळा साडेपंधरा, ह्यांचा," बाईंनी मोठ्यानं वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"कुणाचा गळा?"

लिफ्टवाल्यानं कसंनुसं होऊन स्वतःच्या गळ्याकडं बोट दाखवलं. बाईंनी एकदा कॉलरकडं बघितलं, एकदा त्याच्या गळ्याकडं. मग खिसा उचलला, चहाच्या वर्तुळावरून नजर फिरवली, उजेडात धरून शिक्का तपासला. कॉलर, कफ, खिसा शेजारी शेजारी लावले.

"इथला आकडा कुठंय?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"चार, मग काहीच नाही, मग नव्वद. इथं शून्य होतं की नऊ, मी कसं ठरवायचं? चार हजार नव्वद की चार हजार नऊशे नव्वद?"

"पाच होता," लिफ्टवाला म्हणाला. "मला आठवतंय."

"तुमच्या आठवणीवर मी सवलत देऊ?"

टेलरबाईनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले होते, बोट पांढरं पडलं होतं. तिच्या डोळ्यांपुढं कोपऱ्यावरचं दुकान होतं आणि त्याचं शटर.

तेवढ्यात त्याला फॉर्मवाल्याचं बोलणं आठवलं. त्यानं बँकेचा उतारा पुढं सरकवला. "मॅडम, दर महिन्याला हातात आलेला पगार ह्यात आहे. नऊ महिने. एकही महिना चुकलेला नाही."

बाईंनी उतारा ओढून घेतला. पेन्सिल काढली. कॉलरीवर एकूण पगार पूर्ण होता, तीस हजार सहाशे. उताऱ्यात नऊ वेळा दोन हजार आठशे नव्वद. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार केला, मग वजाबाकी केली. मग तीच वजाबाकी परत केली.

"चार हजार पाचशे नव्वद," त्या म्हणाल्या.

टेलरबाईनं बोटावरचा बंद सोडला.

"पाचच होता म्हटलं ना मी," लिफ्टवाला हळूच म्हणाला.

"हो, पण आता कागद म्हणतोय." बाईंनी फायलीत चार ओळी लिहिल्या, शिक्का उचलला, खाली ठेवला, परत उचलला आणि मारला. "इथला कर जेवढा बसतो तेवढा पूर्ण वजा. भरायचं काही नाही. तिथं जास्त गेले ते मात्र इथून मिळणार नाहीत, कळलं ना?"

"कळलं. पेटी गच्चीतून उडत नाही."

"काय?"

"काही नाही मॅडम. लिफ्टचं आहे ते."

टेलरबाई मघापासून बाईंच्या बाहीकडं बघत होती. तिला राहवेना. "मॅडम, तुमचं मनगटाचं बटण लोंबतंय. सुई आहे माझ्याकडं."

"मघाशीच दिसलं होतं ना तुम्हाला?"

"आल्या आल्याच."

"मघाशी शिवलं असतं तर लाच झाली असती." बाईंनी फायलीवरचा शिक्का एकदा बघितला आणि हात पुढं केला. "आता शिवा."

दोन मिनिटांत बटण लागलं. निघताना टेलरबाईनं सवयीनं टेबलावरचे तीन तुकडे उचलले. बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"मूळ कागद फायलीतच राहणार."

"कॉलर पण?"

"कॉलर पण."

टेलरबाईनं कफ ठेवला, खिसा ठेवला. कॉलर ठेवताना तिचं वळण अंगठ्यानं एकदा सपाट केलं आणि वर दुमडू नये म्हणून त्यावर बक्रमचा चौकोन ठेवून दिला.

महिनाअखेरीला दुकानाची चावी मिळाली. शटर गंजलं होतं. लिफ्टवाल्यानं त्याला तेल घातलं, स्प्रिंग बदलली, आणि आता ते एका बोटानं वर जायचं, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवायचा. लेकीनं पाटी रंगवली. काजवाली आली आणि आल्या आल्या विचारून गेली, सरकार कसं आहे, बरं आहे ना.

दुपारी दोघंच होते. मशीन मांडून झालं होतं, फर्म्यांसाठी भिंतीवर एक ओळ खिळे मारून झाले होते. टेलरबाईनं एक कोरा जाड कागद टेबलावर पसरला. ह्या वेळी विकत आणलेला.

"इकडं या. कॉलरचा फर्मा नव्यानं करायचाय."

"जुनंच माप घाल की. पाठ आहे तुला."

"या म्हटलं ना."

तो समोर येऊन उभा राहिला, हनुवटी वर करून. तिनं गळ्याभोवती टेप फिरवली. आत एक बोट घातलं, सगळे टेलर घालतात तसं, श्वासापुरतं. टेपकडं बघितलं. बोट काढून परत घातलं, परत बघितलं.

"किती?" त्यानं वर बघतच विचारलं.

"तेवढाच," ती म्हणाली.

"म्हटलं ना तुला. मापातच बसलाय तो शर्ट."

"हो तर."

ती टेबलाकडं वळली आणि कागदावर पेन्सिलीनं 'पंधरा' लिहिलं. हे लिहिताना तिची पाठ त्याच्याकडं होती. तो शटर आणखी थोडं वर करायला गेला, म्हणजे तिला कापायला उजेड पडेल.